ड्राइव्हचा सातबारा

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा खणातून चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी काढतो. आत २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एक पट्टी असते: एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधला डेटा साठवणारा ड्राइव्ह. "कंपनीचाच माल आहे, बॉक्सवालीत हीच चिप येते, फक्त बॉक्स नाही," असं तो सांगतो. त्याच्या बोलण्यात बहुतेक वेळा खोटं काहीच नसतं. तो एवढंच सांगत नाही, की ही पट्टी नक्की कोणाच्या नावावर आहे.

जमीन बघायला गेलेला माणूस काळी माती आणि विहिरीचं पाणी बघून खूश होतो, पण इसार देण्याआधी सातबारा मागतो. एसएसडीच्या बाबतीत मात्र आपण मातीवरच भाळतो. किती गिगाबाइट, किती वेग, किती स्वस्त, एवढं विचारलं की पैसे मोजून मोकळे.

आता माती चांगली असते, हे आधी मान्य करू. ओईएम ड्राइव्ह म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना घाऊक पुरवायला बनवलेला ड्राइव्ह. सॅमसंगचा पीएम९ए१ घ्या. आतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी मुख्य चिप, तोच, जो बॉक्समधून विकल्या जाणाऱ्या ९८० प्रोमध्ये आहे. वाचनाचा वेगही तसाच, सेकंदाला सात हजार मेगाबाइटच्या घरात. वेस्टर्न डिजिटलचा एसएन७३० हा एसएन७५० चा भाऊ, एसएन७४० हा एसएन७७० चा आणि एसएन८१० हा एसएन८५० चा. एसके हायनिक्सचा पीसी८०१ आणि दुकानात मिळणारा प्लॅटिनम पी४१ यांचंही नातं तसंच. त्यामुळे ओईएम म्हणजे दुय्यम माल, ही समजूत चुकीची आहे. सगळा ओईएम माल चांगलाच, ही समजूतही तितकीच चुकीची. त्याच कारखान्यांतून बीसी७११ किंवा पीएम९९१ए असे स्वतःची डीरॅम (कंट्रोलरच्या हाताशी असलेली जलद मेमरी) नसलेले, कमी खर्चाचे ड्राइव्हही निघतात, आणि पिशवीत घातल्यावर सगळे सारखेच दिसतात.

आणि काही वेळा ओईएमशिवाय इलाजच नसतो. २०२२मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा गेमिंग संगणक आला तेव्हा त्यात फक्त ३० मिलिमीटर लांबीचा, म्हणजे २२३० मापाचा ड्राइव्ह बसत होता, आणि त्या मापाचे बॉक्सवाले ड्राइव्ह बाजारात जवळपास नव्हते. लोकांनी एसएन७४० सारखे लॅपटॉपसाठी बनलेले ड्राइव्ह शोधून घातले. मागणी दिसल्यावर कंपन्यांनी ते माप बॉक्समध्ये घालून विकायला सुरुवात केली.

आता सातबाऱ्याकडे वळू. बॉक्सवाल्या ९८० प्रोला पाच वर्षांची मर्यादित वॉरंटी आहे, आणि एक टेराबाइटच्या ड्राइव्हला ६०० टेराबाइट लिहिण्याची हद्द. दोन्हींपैकी जे आधी संपेल ते. ६०० टेराबाइट भागिले पाच वर्षं, म्हणजे रोज सव्वातीनशे गिगाबाइटच्या वर. घरच्या किंवा ऑफिसच्या वापरात एवढं कोणी लिहीत नाही, त्यामुळे खरी मर्यादा वर्षांचीच राहते. ही वॉरंटी ड्राइव्ह बनवणारी कंपनी तुम्हाला देते. पीएम९ए१ बाबतीत तिचा करार झालेला असतो लॅपटॉप कंपनीशी, आणि तुमचा करार असतो लॅपटॉप कंपनीशी, तोही त्या लॅपटॉपपुरता. ड्राइव्ह लॅपटॉपमध्ये आहे तोवर लॅपटॉपची वॉरंटी त्यालाही लागू. स्क्रू काढून तो बाहेर आला, पिशवीत गेला आणि काउंटरवर आला, की दोन्ही करारांतून निसटला. सिरियल नंबर घेऊन ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीकडे गेलात तर "हा ओईएम माल आहे, जिथून घेतला तिथे जा" एवढंच उत्तर मिळतं. ते उद्धटपणाचं वाटलं तरी कराराच्या हिशेबानं बरोबरच आहे.

मग उरतो फक्त दुकानदार. त्याच्या तोंडी तीन शब्द असतात, आणि तिघांचे अर्थ वेगळे. "कंपनी वॉरंटी" म्हणजे बनवणाऱ्याची. "सेलर वॉरंटी" म्हणजे दुकान चालू असेपर्यंत, आणि मालक ओळख देईपर्यंत. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे घरी नेऊन लावून बघा, आठवड्याभरात बोंबललात तर बदलून देऊ. ओईएम मालावर पहिली मिळत नाही. कोणी "ओईएम आहे, पण पाच वर्षं कंपनी वॉरंटी" म्हणाला, तर त्याच्यासमोरच कंपनीच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर सिरियल नंबर टाकायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ड्राइव्हची वंशावळ लेबलवर छापलेली असते, फक्त वाचता यायला हवी. सॅमसंगच्या पार्ट नंबरमध्ये डॅशनंतरची अक्षरं बघायची. एक टेराबाइटच्या पीएम९ए१ वर शेवटी ००बी०० असेल तर तो कोणा एका कंपनीसाठी न बनवलेला सर्वसाधारण ओईएम. ००बीएल७ असेल तर लेनोव्होसाठी. ००बीएच१ असेल तर एचपीसाठी. बऱ्याचदा लॅपटॉप कंपनीचा स्वतःचा पार्ट नंबरही शेजारी छापलेला असतो: लेनोव्होचा एफआरयू, डेलचा डीपीएन. असा नंबर असलेला ड्राइव्ह सुटा विकायला आला, तर तो लॅपटॉपमधून काढलेला असेल किंवा सर्व्हिसच्या सुट्या भागांतून आलेला असेल. दोन्ही चालतं, पण "नवा" या शब्दाची किंमत तेवढी कमी करायची.

भारतात कायदेशीर आयात होऊन आलेल्या बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असं छापलेलं स्टिकर असावं लागतं. पिशवीतल्या पट्टीवर ते नसतं. अमेरिकेतून सुट्टीवर येणाऱ्या भाच्याकडून मागवलेल्या बॉक्सवरही नसतं. तो ड्राइव्ह अस्सल असतो, पण वॉरंटी बऱ्याचदा विक्रीच्या देशापुरती असते आणि बदलून घ्यायला तो परत तिकडे पाठवावा लागू शकतो. हा ओईएमचा प्रश्न नाही, तरी दुखणं तेच.

वॉरंटीपेक्षाही जास्त त्रास देते ती एक गोष्ट लोक विसरतात: फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आत राहून त्याला चालवणारं सॉफ्टवेअर. ९८० प्रोच्या २ टेराबाइटच्या काही ड्राइव्हवर ३बी२क्यूजीएक्सए७ हे फर्मवेअर होतं, आणि त्या आवृत्तीत ड्राइव्ह अवेळी झिजून फक्त वाचण्यापुरता उरत असे, लिहिणं बंद. ५बी२क्यूजीएक्सए७ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. बॉक्सवाल्या ग्राहकानं मॅजिशियन हे सॅमसंगचं सॉफ्टवेअर उघडायचं, अपडेट दाबायचं, संपलं. ओईएम ड्राइव्हला मॅजिशियन फर्मवेअर देत नाही. त्याचं फर्मवेअर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर, त्या त्या मॉडेलखाली येतं. लेनोव्होसाठीचा ड्राइव्ह तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये घातला, तर लेनोव्होचा अपडेटर बहुधा तिथे चालणारच नाही. सर्वसाधारण ओईएमसाठी तर असं पानच नसतं. लिनक्सवर एनव्हीएमई-सीएलआय नावाचं साधन वापरून परकं फर्मवेअर ढकलता येतं, असे सल्ले फिरतात. करू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन ड्राइव्हमध्ये फ्लॅश चिप वेगळी असू शकते, आणि चुकीचं फर्मवेअर गेलं की ड्राइव्ह बायोसलाही, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरलाही, दिसेनासा होतो.

म्हणून ओईएम घेताना त्यावर आत्ता कोणतं फर्मवेअर आहे, हे विकत घ्यायच्या आधी विचारायचं. जे आहे तेच आयुष्यभर राहील, असं धरून चालायचं.

वापरलेला माल असेल तर त्याची आरोग्यपत्रिका बघावी लागते. त्यासाठी विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही साधनं आहेत. पहिली ओळ बघायची ती "पर्सेंटेज यूज्ड". ही झीज आहे, उरलेलं आयुष्य नव्हे. ३ म्हणजे तीन टक्के वापरलं, आणि ती १०० च्या पुढेही जाऊ शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो मात्र वर ठळक अक्षरांत उरलेलं आयुष्य दाखवतो, त्यामुळे ९७ आणि ३ यांची गल्लत करू नका. मग "डेटा युनिट्स रिटन". यातलं एक युनिट म्हणजे ५१२ हजार बाइट. आकडा ४ कोटी ३० लाख असेल तर २२ टेराबाइट लिहून झालेत. एक टेराबाइटच्या ड्राइव्हला हे काहीच नाही. "अव्हेलेबल स्पेअर", म्हणजे झिजलेल्या जागांच्या बदल्यात ठेवलेली राखीव जागा, १०० असावी. "मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स" शून्य असावेत. एक जरी असला तरी पिशवी परत. "अनसेफ शटडाउन्स" चाळीस-पन्नास असले तर घाबरायचं कारण नाही, लॅपटॉप बटण दाबून बंद करणारे सगळीकडे असतात.

हे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते बघण्यात खरी मेख आहे. २२ टेराबाइट लिहिलेत, १,५०० वेळा चालू झालाय आणि चालू तास २,१०० आहेत, तर हा दोन-तीन वर्षं ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये राबलेला सरळमार्गी ड्राइव्ह. (तास कमी दिसले तर लगेच संशय नको, ड्राइव्ह झोपेत असतानाचा वेळ काही कंट्रोलर मोजत नाहीत.) पण सगळंच शून्य, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कपट्ट्यांवर मात्र खोल ओरखडे, तर आकडे पुसलेत. पट्टी उजेडात तिरकी धरा. कारखान्यातल्या तपासणीची एखादी फिकी रेघ नव्या मालावरही दिसते. मात्र टोकाच्या अर्धगोल खाचेभोवती स्क्रूच्या डोक्यानं उमटवलेली कडी, लेबलवर थर्मल पॅडचा तेलकट डाग, हे फक्त बसवून वापरलेल्या ड्राइव्हवर असतं.

लेबल खोटं असल्याचा संशय आला तर कंट्रोलरचा पीसीआय ओळखक्रमांक, म्हणजे ड्राइव्ह संगणकाला सांगतो तो कंपनीचा क्रमांक, बघायचा. लेबल बदलण्याइतकं ते सोपं नसतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली एनव्हीएमई कंट्रोलरच्या हार्डवेअर आयडीत तो सापडतो: सॅमसंगचा १४४डी, एसके हायनिक्सचा १सी५सी, मायक्रॉनचा १३४४, किऑक्सियाचा १ई०एफ. वेस्टर्न डिजिटलच्या ड्राइव्हवर १५बी७ दिसेल आणि तो सँडिस्कचा निघेल, तर गडबडू नका. वेस्टर्न डिजिटलनं २०१६मध्ये सँडिस्क विकत घेतली होती, २०२५मध्ये दोघी पुन्हा वेगळ्या झाल्या. क्रमांक तोच राहिला.

कुलूपबंद ड्राइव्ह ही वेगळीच गंमत. कंपन्यांच्या लॅपटॉपमधून काढलेल्या काही ड्राइव्हवर ओपल नावाची कूटबद्धता (किल्लीशिवाय डेटा उघडू न देणारं कुलूप) चालू राहिलेली असते. तो दिसतो, पण फॉरमॅट होत नाही. अशा वेळी लेबलवरचा ३२ अक्षरांचा पीएसआयडी कामी येतो. तो सेडयुटिलसारख्या साधनात टाकला की कुलूप निघतं आणि आतला सगळा डेटा जातो. लेबल फाटलं असेल आणि पीएसआयडी वाचता येत नसेल, तर तो ड्राइव्ह पेपरवेट म्हणूनच घ्या.

जुळणीचं म्हणाल तर पहिली फसगत सोनेरी पट्ट्यांमधल्या खाचेवरून होते. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटा ही जोडणीची जुनी, संथ पद्धतही येते आणि एनव्हीएमई ही नवी, वेगवान पद्धतही. जुन्या बिझनेस लॅपटॉपमधले सॅमसंग पीएम८७१ किंवा हायनिक्स एससी३११ हे साटा आहेत. त्यांचा वेग सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपासच थांबतो आणि फक्त एनव्हीएमई समजणाऱ्या स्लॉटमध्ये दिसतच नाहीत. एक खाच असेल, तिच्या पलीकडे पाच पट्ट्या असतील, तर एम की, बहुतेक करून एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बहुतेक साटा. "बहुतेक" म्हणायचं कारण एसएन५२०: त्याला दोन खाचा आहेत, तरी तो एनव्हीएमई आहे. म्हणून खाच बघा, पण विश्वास मॉडेल नंबरवर ठेवा.

दुसरी फसगत जाडीची. पातळ लॅपटॉपमध्ये ड्राइव्हला जेमतेम अडीच मिलिमीटर उंची मिळते, म्हणजे चिपा एकाच बाजूला हव्यात. दोन्ही बाजूंना चिपा असलेला ड्राइव्ह जोर करून बसवला की पट्टी कमानीसारखी वाकते, झाकणही बसतं, आणि दोन महिन्यांनी सोल्डरचा सांधा सुटतो. लांबीचं तसं सोपं आहे. २२३० चा ड्राइव्ह पत्र्याच्या छोट्या ब्रॅकेटवर चढवून २२८० च्या जागी बसवता येतो, उलट करता येत नाही.

बसवल्यावर बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही, अशी तक्रार घेऊन लोक ओईएम ड्राइव्हला नावं ठेवतात. दोष बहुधा त्याचा नसतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी, म्हणजे ड्राइव्ह हाताळायची इंटेलची स्वतःची व्यवस्था, चालू असतं. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा, इन्स्टॉलरमध्ये "लोड ड्रायव्हर" करा, ड्राइव्ह प्रकटतो. नवं विंडोजच टाकायचं असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही भागतं. पण आधीच टाकलेल्या विंडोजवर ते बंद केलंत तर विंडोज कोसळून निळा पडदा येतो.

खरी विसंगती जिथे असते ती फार नेमक्या जोड्यांत असते. सॅमसंगचा पीएम९८१ असला की मॅकओएस कोसळतं, हे हॅकिंटॉश करणाऱ्या, म्हणजे साध्या संगणकावर मॅकओएस चालवणाऱ्या, प्रत्येकाला माहीत आहे. एसएम९५१ आणि पीएम९५१ खोल झोपेत गेले की डेलच्या एक्सपीएस १५ ९५५० आणि प्रिसिजन ५५१० या दोन लॅपटॉपवर संगणकाला दिसेनासेच होत. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्या जोडीसाठी वेगळी तजवीज करावी लागली. २०२४मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा एसएन७७० च्या २ टेराबाइटच्या ड्राइव्हवर निळे पडदे यायला लागले. त्याला स्वतःची डीरॅम नाही, तो संगणकाची मेमरी उसनी घेतो, आणि नव्या विंडोजनं ६४ ऐवजी २०० मेगाबाइट देऊ केल्यावर तो गडबडला. उपाय फर्मवेअरचाच होता. बॉक्सवाल्यांना तो सहज मिळाला.

सर्व्हरमधून निघालेला माल स्वस्तात दिसतो, त्याबद्दल एवढंच: एसएएस या सर्व्हरच्या जोडणीचा ड्राइव्ह साटाच्या जागेत चालत नाही, आणि मोठ्या स्टोरेज यंत्रांतले काही तर ५२० बाइटच्या सेक्टरवर फॉरमॅट केलेले असतात. घरच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

मग ओईएम घ्यावा का? माझा हिशेब असा. मुख्य ड्राइव्ह म्हणून घ्यायचा असेल आणि त्याच मॉडेलच्या बॉक्सवाल्या भावाशी किमतीचा फरक चौथाईपेक्षा कमी असेल, तर बॉक्स. त्यापेक्षा जास्त फरक असेल, आकडे स्वच्छ असतील आणि डेटाची दुसरी प्रत घरात असेल, तर ओईएम बेलाशक. (वॉरंटी डेटाची नसतेच. बॉक्सवालाही बिघडला तर दुसरा ड्राइव्ह मिळतो, फोटो परत मिळत नाहीत.) आणि आपल्याच लॅपटॉप कंपनीच्या पार्ट नंबरचा ओईएम मिळाला तर तो सगळ्यांत बरा, कारण फर्मवेअरची वाट उघडी राहते.

बदलताना क्रम महत्त्वाचा. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहा. विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपवर न विचारता ड्राइव्ह कूटबद्ध करतं, आणि ४८ आकडी की नसेल तर जुना ड्राइव्ह बाहेर काढल्यावर वाचता येत नाही. क्लोन, म्हणजे जुन्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, करणार असाल तर बिटलॉकर आधी बंद करून कूटबद्धता पूर्ण निघू द्या. ड्राइव्ह कंपनीचं फुकट क्लोनिंग सॉफ्टवेअर ओईएम ड्राइव्हला ओळखेलच असं नाही. क्लोनझिला हे क्लोनिंगचं साधन कोणाचं नाव विचारत नाही. झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन सोडवणं. पट्टी साधारण ३० अंशात सरकवा, सोनेरी पट्ट्या जेमतेम दिसेनाशा झाल्या की ती खाली दाबून एम२ मापाचा (२ मिलिमीटरचा) छोटा स्क्रू चिमटीच्या जोरानं आवळा. त्याहून जास्त जोर लावला तर खालचा पितळी खुंट फिरतो. हीटसिंक चिकटवण्याआधी लेबलचा फोटो काढा. पॅड नंतर सोलताना लेबलही सोलून येतं आणि त्यासोबत उरलीसुरली वॉरंटीही.

निघालेला मूळ ड्राइव्ह विकू नका. लॅपटॉप वॉरंटीत असेपर्यंत तो त्याच लॅपटॉपच्या नावावर आहे. सर्व्हिसला देताना तोच परत बसवून द्यायचा, म्हणजे "तुम्ही भाग बदललाय" या वादाला जागा उरत नाही. एरवी तो बाहेरच्या यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येतो. आरटीएल९२१०बी चिपची केस घेतलीत तर साटा आणि एनव्हीएमई दोन्ही चालतात.

बिलावर मात्र हट्ट धरायचा. नुसतं "एसएसडी १ नग" लिहिलेलं बिल काही कामाचं नाही. मॉडेल, सिरियल नंबर, नवा की वापरलेला, आणि वॉरंटी कोणाची व किती, हे चारही दुकानदाराच्याच अक्षरात हवं. पुढे वाद झाला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायची वेळ आली, किंवा प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात गेलं, तर हातात हाच कागद लागतो, आणि आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तो थर्मल कागदाचा असेल तर त्याच दिवशी लेबलच्या फोटोशेजारी ठेवून त्याचाही फोटो काढा. वॉरंटी पाच वर्षांची असते, पण त्या कागदावरची अक्षरं उन्हात, पाकिटात नाहीतर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीत.